रेव्हरंड नारायण वामन टिळक : देशप्रेम, कृतज्ञता आणि प्रार्थना

रेव्हरंड टिळकांना तुम्ही शालेय वयापासून 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखता. येथे आपण त्यांचे चरित्र एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहू : धर्म बदलला म्हणजे देशही दुरावतो काय?

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. देशाच्या उन्नतीला कोणता धर्म आधार देईल, या चिंतनाने त्यांना तरुणपणीच घेरले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या.

राज्यकर्त्यांचा धर्मही ख्रिस्तीच असल्याने हिंदी ख्रिस्ती माणसाच्या देशनिष्ठेविषयी त्या काळी शंका घेतली जाई. टिळकांनी तिला कृतीने उत्तर दिले. आपल्या संतांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. तुकोबांच्या अभंगांवरून चालतच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. म्हणूनच त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन हीच माध्यमे स्वीकारली. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीते गाइली जातात. कृतज्ञता ही त्यांच्या देशाभिमानाची पहिली बाजू होय.

दुसरी बाजू प्रार्थनेची. राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, असा उपदेश पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. अशी प्रार्थना म्हणजे सत्तेची स्तुती नव्हे, हे ध्यानात घ्या. ज्याच्यासाठी आपण देवाकडे सद्बुद्धी मागतो, तोही देवाला उत्तरदायी आहे, हे तिच्यात गृहीत असते. राज्यकर्ता परका असतानाही ती करता येते, आणि ती करणाऱ्याचे मस्तक सत्तेपुढे लवलेले नसते.

याच दृष्टीने टिळकांच्या अखेरच्या उपक्रमाकडे पाहा. 1911 मध्ये दिल्लीत इंग्रज सम्राटाचा दरबार भरला होता. त्यानंतर सहा वर्षांनी, 1917 मध्ये, टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. सम्राटाच्या दरबाराला उत्तर म्हणून त्यांनी हे नाव योजले, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु खरा राजा कोण, याविषयीची त्यांची श्रद्धा त्यातून प्रकट होते. तसेच भारतीय ख्रिस्ती समाजाने परदेशी मिशनच्या छायेत न राहता स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रहही दिसतो.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण महाकाव्य 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या. टिळकांची कविता वाचताना निसर्ग, मूल, देश आणि देव यांच्याविषयीचा त्यांचा भाव एकाच ठिकाणाहून उगम पावतो काय, याचा शोध घ्या. देशावर प्रेम करणे म्हणजे मिळालेल्या वारशाचे ऋण मानणे आणि देशाच्या भल्यासाठी देवापाशी मागणे, हा अर्थ तुम्हाला त्यांच्या जीवनात निश्चित आढळेल.