हडसनखालची वाट काढणारा माणूस : अलेक्झांडर कॅसाट

मंडळी, न्यू जर्सीहून न्यू यॉर्कला रोज गाडीने जाणारे आपले कितीतरी लोक आहेत. गाडी हडसन नदीखाली अडकली की आपण सगळेच कुरकुरतो. पण ही वाट ज्यांच्या हट्टामुळे झाली, त्या अलेक्झांडर कॅसाट यांची ओळख आपल्याला क्वचितच असते.

कॅसाट यांचा जन्म १८३९ साली पिट्सबर्गचा. प्रसिद्ध चित्रकर्ती मेरी कॅसाट ही त्यांची धाकटी बहीण. इंजिनीअर होऊन ते १८६१ साली पेनसिल्व्हेनिया रेल्वेत लागले आणि १८९९ मध्ये अध्यक्ष झाले. त्या वेळी या बलाढ्य कंपनीच्या गाड्या जर्सी सिटीलाच थांबत. पुढे मॅनहॅटनला जायचे तर सामानसुमान घेऊन फेरीबोट गाठायची! नदीखालून बोगदा काढावा, तर वाफेच्या इंजिनाच्या धुराने प्रवासी गुदमरणार.

उत्तर सापडले पॅरिसमध्ये. तिथे १९०० साली सुरू झालेल्या ओर्से स्टेशनात गाड्या विजेच्या इंजिनाने येत. कॅसाट यांनी ते पाहिले आणि १९०१ च्या अखेरीस बोगद्यांची योजना जाहीर केली. हडसनखाली दोन बोगदे, ईस्ट रिव्हरखाली चार आणि मध्ये भव्य पेन स्टेशन.

१९०६ मध्ये हडसनखालच्या बोगद्यांची दोन्ही टोके जुळली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कॅसाट गेले. पहिली गाडी त्यांनी पाहिलीच नाही.

१९१० साली गाड्या धावू लागल्या. हॅरिसनजवळ 'मॅनहॅटन ट्रान्सफर' नावाचे अजब स्टेशन होते. तिथे जायला रस्ताच नव्हता, फक्त रेल्वेनेच पोहोचता येई. गाडी आली की वाफेचे इंजिन सोडायचे, विजेचे जोडायचे, की निघाली गाडी न्यू यॉर्कला. ज्यांना मॅनहॅटनच्या दक्षिण भागात जायचे, ते इथेच उतरून दुसरी गाडी पकडत. पुढे मुख्य मार्गावरच विजेच्या तारा आल्या, इंजिन बदलायची गरज उरली नाही आणि १९३७ साली हे स्टेशन बंद झाले.

पेन स्टेशनची ती देखणी इमारत १९६३ पासून पाडली गेली. २०१२ च्या सँडी वादळात बोगद्यांत खारे पाणी शिरले. तरीही आपल्या गाड्या आजही त्याच दोन बोगद्यांतून जातात. इमारत गेली, माणूस गेला, वाट मात्र राहिली. पुढच्या वेळी गाडी नदीखाली शिरेल, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.