शिंदे सरकारांच्या जेवणाच्या टेबलावर जी चांदीची रेल्वे धावायची, ती बनवणाऱ्या दुकानदाराची गोष्ट

ग्वाल्हेरचा जयविलास पॅलेस बघायला गेलेला माणूस घरी येऊन दोन गोष्टी सांगतोच. एक, दरबार हॉलमधली ती अवाढव्य झुंबरं. आणि दुसरी, जेवणाच्या टेबलावरची चांदीची रेल्वे.

लांबलचक टेबल, त्यावर चक्क रूळ, आणि रुळावर एक छोटं इंजिन सात डबे ओढतंय. सात डब्यांवर इंग्रजीतली सात अक्षरं. एस, सी, आय, एन, डी, आय, ए. म्हणजे इंग्रजांच्या स्पेलिंगमधले आपले शिंदे. जेवण झालं की ही गाडी दारू आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. एखाद्याने डब्यातली बाटली उचलली की गाडी आपोआप थांबायची आणि बाटली परत ठेवली की पुढे निघायची.

हा शौक महाराजा माधवराव शिंदे यांचा. १८८६ मध्ये दहा वर्षंही पूर्ण नव्हती तेव्हा ते गादीवर आले आणि १८९४ मध्ये कारभार पूर्णपणे त्यांच्या हातात आला. रेल्वेचं वेड इतकं की आधी राजवाड्याच्या आवारात छोटी गाडी सुरू केली आणि मग दोन फुटी रुळांची ती गाडी पुढे राज्यभर नेली. ग्वाल्हेर लाईट रेल्वे ती हीच. १९०९ मध्ये ती श्योपूरपर्यंत पोहोचली, सुमारे २०० किलोमीटर. लोक २०२० पर्यंत तिच्या टपावर बसून प्रवास करत होते.

टेबलावरच्या गाडीचा एक किस्सा फार सांगितला जातो. व्हाईसरॉयसाठी मेजवानी होती, गाडीत शॉर्टसर्किट झालं आणि ती टेबलभर सुसाट पळत पाहुण्यांच्या अंगावर पदार्थ उडवत सुटली म्हणे. यात मीठमसाला किती ते तुम्ही ठरवा. पण विजेवर चालणारी छोटी गाडी ज्याने कधी हाताळली आहे, त्याला यातला शॉर्टसर्किटचा भाग तरी लगेच पटेल.

आता प्रश्न असा की त्या काळात महाराजांनी अशी गाडी बनवायला सांगितली कुणाला? तर इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन नावाच्या गावातल्या एका दुकानदाराला. त्याचं नाव वेनमन जोसेफ बॅसेट-लोक. आडनावात 'लोक' आहे म्हणून गोंधळ होईल, त्यामुळे आपण त्याला वेनमनच म्हणू.

चपलेसाठी जसं कोल्हापूर तसं बुटांसाठी नॉर्थॅम्प्टन. पण वेनमनच्या घरचा धंदा बुटांचा नव्हता, बॉयलरचा होता. आजीच्या दुसऱ्या नवऱ्याने, म्हणजे बॅसेटने सुरू केलेला कारखाना वडील चालवायचे. २७ डिसेंबर १८७७ ला जन्मलेला वेनमन शाळा लवकर सोडून तिथेच कामाला लागला. बॉयलर बनवायचे, फुटलेले दुरुस्त करायचे, दिवसभर हातोडीचा आवाज आणि अंगभर काजळी.

त्या वेळी इंग्लंडमध्ये एक नवं खूळ वाढत होतं. नोकरीपेशातली माणसं संध्याकाळी घरी येऊन लेथवर वाफेची छोटी इंजिनं बनवायची. खेळणी नाहीत हां. खरं पाणी, खरी वाफ, खरा दट्ट्या. १८९८ मध्ये या लोकांसाठी 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिकही निघालं. अडचण एकच होती. घरातल्या घरात लोखंड-पितळ ओतणार कसं? सिलिंडर, चाकं, छोटे व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणायचे कुठून?

वेनमनला धंदा दिसला तो इथे. वडिलांच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या हॅरी फ्रँकलिनला भागीदार घेतलं आणि १८९९ च्या सुमारास टपालाने सुटे भाग विकायला सुरुवात केली. मासिकात जाहिरात द्यायची, कॅटलॉग पाठवायचा, ऑर्डर आली की पार्सल करायचं. आज आपण ज्याला ऑनलाईन धंदा म्हणतो तो मोबाईलशिवाय.

मला या माणसाची खरी हुशारी इथेच वाटते. त्याने सुरुवात तयार गाडीपासून केली नाही, सुट्या भागांपासून केली. ज्या वस्तूचा स्पेअर पार्ट मिळतो तीच दुरुस्त होते आणि जी दुरुस्त होते तीच माणूस पन्नास वर्षं सांभाळतो. वाफेच्या छोट्या इंजिनात बिघडायला भरपूर काही असतं. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत भडकली की रंग जळतो. बॉयलरचा सांधा सुटतो. चावीच्या गाडीची स्प्रिंग तुटते. विजेच्या गाडीत रुळावर धूळ आणि तेल साचलं की वीज चाकापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी गिऱ्हाईक त्याच दुकानदाराकडे परत येतं ज्याच्याकडे हवा तो भाग असतो.

१९०० मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं आणि वेनमन तिथे गेला. तिथे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या खेळणीवाल्यांचा माल बघून तो थक्क झाला. पत्रा कापणं, छापणं, जोडणं, सगळं इतक्या सफाईने की इंग्लंडमध्ये तसं कुणी करत नव्हतं. पण एक खोट होती. त्या गाड्या कुठल्याच खऱ्या गाडीसारख्या दिसायच्या नाहीत. फक्त 'रेल्वेसारखं काहीतरी' असायचं.

तिथे त्याची गाठ पडली स्टेफान बिंगशी. बिंग म्हणजे त्या काळातलं खेळण्यांच्या धंद्यातलं फार मोठं घराणं. ठरलं असं की नकाशे इंग्लंडचे, कारागिरी न्यूरेंबर्गची आणि विक्री वेनमनची. न्यूरेंबर्गमध्ये कारखाना असलेला जॉर्ज कारेत हा फ्रेंच माणूसही माल बनवून देऊ लागला. नकाशे काढायला वेनमनने हेन्री ग्रीनली हा पक्का रेल्वेवाला इंजिनिअर धरला. त्यामुळे कुठल्या कंपनीचं कुठलं इंजिन, चाकं किती, रंग कोणता, हे ओळखू येतील अशा गाड्या दुकानात येऊ लागल्या.

इथे मापाचा विषय समजून घेऊ, कारण या धंद्यात सगळी मारामारी मापाचीच आहे. 'ओ गेज' नावाच्या प्रकारात दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर असतं. ब्रिटिश पद्धतीत खऱ्या गाडीच्या एका फुटाला मॉडेलमध्ये ७ मिलिमीटर धरतात, म्हणजे गाडी साधारण साडेत्रेचाळीस पट लहान. आमच्या बाळापूरला रेल्वे नाही, गाडी धरायला पारसला जावं लागतं. तिथल्या ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. ते याच मापाने लहान केलं तर साडेअडतीस मिलिमीटर होतं. म्हणजे इंग्लंडच्या ३२ मिलिमीटरच्या रुळावर आपलं भुसावळ-नागपूर लाईनचं इंजिन ठेवलं तर वरचा डोलारा रुंद आणि पाय जवळजवळ, असं दिसणार. मूर्तिजापूरच्या शकुंतलेचं माप आणखी वेगळं, तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. एवढ्या तेवढ्या फरकावर मॉडेलवाले लोक तासन्तास भांडतात आणि वेनमनचं दुकान अशाच भांडणाऱ्या लोकांवर चालायचं.

१९०८ मध्ये त्याने लंडनमध्ये ११२, हाय होबोर्न इथे दुकान थाटलं. काचेच्या मागे इंजिनं, बोटी, रूळ. बाहेर नाक काचेला लावून उभी पोरं आणि आत खिसा हलका करणारे त्यांचे बाप. रूळ आणि पुढे गाड्याही गावातच बनाव्यात म्हणून नॉर्थॅम्प्टनला विंटरिंगहॅम नावाचा कारखाना उभा राहिला.

त्याच काळात गड्याने आणखी एक उद्योग केला. माणसं बसू शकतील एवढ्या मोठ्या छोट्या रेल्वे. १५ इंची रूळ आणि 'लिटल जायंट' नावाचं इंजिन. १९०५ मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर अशी गाडी सुरू झाली. आपल्याकडे बागेत जी फुलराणी धावते तिच्या आजीची ही पिढी समजा.

आणि मग आलं १९१४.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वेनमनचे पुरवठादार एका रात्रीत शत्रू झाले. त्याच्या दुकानातल्या कितीतरी चांगल्या गाड्या न्यूरेंबर्गमध्ये बनत होत्या. जहाजं बंद, माल बंद. कारेत तर दोन्हीकडून अडकला. माणूस फ्रेंच, कारखाना जर्मनीत. त्याला देश सोडावा लागला आणि १९१७ मध्ये कारखाना कायमचा बंद पडला. वेनमनचे कामगार युद्धकाळात सैन्यासाठी मोजमापाची साधनं आणि जहाजं ओळखायला शिकवणारी मॉडेल्स बनवत होते.

युद्ध संपलं तरी इंग्लंडमध्ये जर्मन मालावर राग होता. वेनमनने तरीही बिंगशी तुटलेला धागा पुन्हा जोडला. १९२२ मध्ये बिंगकडून बनवून घेतलेली अगदी लहान, घरच्या टेबलावर मावणारी रेल्वे त्याने बाजारात आणली. आज जगभर घराघरांत ज्या छोट्या मापाच्या गाड्या दिसतात त्यांची सुरुवात सांगताना या गाडीचं नाव निघतंच.

पण तोपर्यंत लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी मैदानात आला होता. १९२० पासून त्याच्या चावीच्या गाड्या विकायला लागल्या. स्वस्त, दणकट, पोरांच्या हातात द्यायला एकदम बरोबर. खऱ्या इंजिनाशी जुळतात की नाही याची पोरांना कुठे पडलेली? हॉर्नबीने पोरांचा बाजार मारला. वेनमन त्याच्या मागे धावला नाही. महाग का असेना, बरोबर माप पाहिजे म्हणणारं गिऱ्हाईक त्याने धरून ठेवलं. हा निर्णय धंद्याच्या हिशेबाने शहाणपणाचा होता का? आकड्यांची लढाई तो तिथेच हरला असं माझं मत. पण त्याच्या गाड्या आजही लोक जपून ठेवतात ते याच हट्टामुळे.

माणूस दुकानापुरता मात्र नव्हता. लग्नाच्या वेळी, १९१७ च्या आसपास, त्याने नॉर्थॅम्प्टनमधलं ७८, डर्नगेट हे अरुंद घर चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या नामांकित स्कॉटिश आर्किटेक्टकडून आतून पूर्ण बदलून घेतलं. काळ्या भिंतींचा दिवाणखाना, त्यावर पिवळे त्रिकोण. शेजाऱ्यांनी काय तोंडं केली असतील कल्पना करा. नाटककार बर्नार्ड शॉ या घरात पाहुणा म्हणून राहून गेला, कारण दोघेही फेबियन समाजवादी. १९२६ मध्ये वेनमनने जर्मन आर्किटेक्ट पीटर बेरेन्सकडून दुसरं घर बांधून घेतलं. ब्रिटनमधल्या पहिल्या आधुनिक घरांमध्ये ते मोजलं जातं. युद्धाला आठ वर्षं झाली होती आणि हा माणूस घराचा नकाशा पुन्हा जर्मनीतूनच आणत होता. पुढे तो गावचा नगरसेवक झाला, गावातल्या नाट्यगृहाच्या कामातही पुढे होता.

१९३० च्या दशकात बिंगची कंपनी बुडाली होती आणि स्टेफान बिंग ट्रिक्स नावाचा नवा धंदा चालवत होता. या ट्रिक्सच्या गाड्यांची गंमत अशी की एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने पळवता यायच्या. रूळ तीन. एक गाडी डावीकडच्या रुळातून वीज घ्यायची, दुसरी उजवीकडच्या, आणि मधला रूळ दोघींना सामाईक. वेनमनने १९३५ पासून ही गाडी इंग्लंडमध्ये आणली आणि पुढे ती नॉर्थॅम्प्टनमध्येच बनू लागली.

आणि इथे गोष्ट खेळण्यांची राहत नाही. बिंग ज्यू होता. हिटलरच्या राज्यात ज्यू मालकांना कारखाने विकून निघून जायला भाग पाडलं जात होतं. बिंगलाही कंपनी सोडून इंग्लंड गाठावं लागलं. हातातलं सगळं मागे राहिलं होतं, पण इंग्लंडमध्ये त्याच्या गाड्यांचा धंदा आधीच उभा होता. पॅरिसच्या एका प्रदर्शनात दोन तरुण धंदेवाल्यांची जी ओळख झाली होती, ती अशी सुमारे चाळीस वर्षांनी कामाला आली.

दुसऱ्या महायुद्धात खेळण्यातल्या गाड्या बंद झाल्या आणि कारखाना पुन्हा लष्कराच्या कामाला लागला. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना दोस्त राष्ट्रांनी समुद्रात तरंगती बंदरं उभारली, मलबेरी नावाची. ती बंदरं कशी जोडायची हे समजून घ्यायला जी मॉडेल्स वापरली गेली, ती बॅसेट-लोक कंपनीत बनली होती. टेबलावर रेल्वे पळवणाऱ्यांचे हात, दुसरं काय.

२१ ऑक्टोबर १९५३ ला वेनमन वारला. तेव्हा प्लॅस्टिकचा जमाना सुरू होत होता. हाताने जोडलेल्या, हाताने रंगवलेल्या पत्र्याच्या गाड्यांचं गणित बसेना. १९६० च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने दुकानदारी गुंडाळली आणि हाय होबोर्नची ती काच दुसऱ्याच्या हातात गेली.

हे वेड आपल्याकडे नाही असं समजू नका. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या आणि हाताने बनवलेल्या गाड्या तिथे १९९८ पासून लोकांसाठी धावतात. सिग्नल, बोगदे, पूल, रोपवे, सगळं. पोरांना घेऊन जा, पण तुम्हीच जास्त वेळ उभे राहाल.

वेनमनचं डर्नगेटचं घरही आज म्युझियम आहे. त्याची जुनी इंजिनं लिलावात येतात आणि घेणारा आधी वाकून चाकं, स्प्रिंग आणि बॉयलरचा सांधा बघतो. बॅसेट-लोक हे नाव मात्र फिरत फिरत १९९६ मध्ये कॉर्गी या खेळण्यांच्या कंपनीकडे गेलं. २००८ मध्ये कॉर्गी विकली गेली आणि तिच्याबरोबर हे नावही नव्या मालकाकडे गेलं. विकत घेणारी कंपनी होती हॉर्नबी.