आजचं चिंतन : आठवा अध्याय आणि विनोबांचे शेवटचे दिवस



आज गीताईचा आठवा अध्याय. अंतकाळी जे मनात, तीच पुढची गती. हा अध्याय आला की मला विनोबाच आठवतात. त्यांनी तो आधी समजावला आणि पन्नास वर्षांनी जगून दाखवला.

१८९५ साली कोकणातल्या गागोद्याला जन्म. आईला संस्कृत गीता कळेना, तर तिने आपल्या विन्यालाच मराठीत करायला सांगितलं. ती १९१८ मध्ये गेली. गीताई लिहायला त्यांनी घेतली १९३० साली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी कैद्यांना एकेक अध्याय उलगडून सांगत आणि साने गुरुजी उतरवून घेत. आठव्याबद्दल त्यांचं सांगणं साधं होतं: शेवटचा क्षण ऐनवेळी साधत नाही, रोजचं जगणं हीच त्याची तयारी.

पुढे भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी फिरले. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. त्यांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही थांबवलं. इंदिरा गांधी येऊन भेटून गेल्या, तरी ते ढळले नाहीत. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, गेले. तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न कलम ३०९ खाली गुन्हा होता. पण लोकांनी प्रायोपवेशन म्हणून हात जोडले.

माझं अडतं ते इथे. ती प्रवचनं उतरवणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० ला, पन्नाशीत, स्वतःचं आयुष्य संपवलं. शाळेत ‘श्यामची आई’ वाचताना हे कुणी सांगितलंच नाही. एकाच्या जाण्याला आपल्याकडे शब्द आहे, दुसऱ्याच्या वाट्याला कुजबुज. दोन्ही एकच, असं मी म्हणत नाही. विनोबांचं शरीर संपत आलं होतं. गुरुजींचं मन पोळलं होतं. पण पोळलेलं मन म्हणजे पाप थोडंच? (तुमचं कुणाचं तसं होत असेल तर विनोबांचा दाखला स्वतःला लावू नका. १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, घरात कुणाशी तरी बोला.)

गेल्या वर्षी आजीने नाकातल्या नळीला मान फिरवली, तेव्हा आमच्या घरात भांडणं झाली. अशी इच्छा आधी लिहून ठेवली तर २०१८ पासून सुप्रीम कोर्ट ती मानतं, पण आजीने काही लिहिलं नव्हतं. शेवटी बाबांनीच डॉक्टरांना नळी नको म्हणून सांगितलं. रात्री मी तिच्या उशाशी हाच अध्याय वाचला. मध्येच तिने माझं बोट धरलं.