विश्लेषण : प्युर्टो रिकोचे कर्ज, करसवलत आणि अधांतरी दर्जा… या तिढ्याशी लुईस मुन्योस मरीन यांचा संबंध काय?

कॅरिबियन समुद्रातील प्युर्टो रिको हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तेथील सुमारे ३२ लाख रहिवासी अमेरिकी नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मतदान करता येत नाही. दुसरीकडे, बेटावर कमावलेल्या उत्पन्नावर त्यातील बहुतेकांना अमेरिकेचा केंद्रीय प्राप्तिकरही भरावा लागत नाही. २०१७ मध्ये ७० अब्ज डॉलरहून अधिक कर्जाखाली दबलेल्या या प्रदेशाने न्यायालयाचे दार ठोठावले. अमेरिकेतील आजवरची ही सर्वात मोठी सरकारी दिवाळखोरी ठरली. मत, कर आणि कर्ज या तीन गोष्टी एकमेकांत कशा गुंतल्या, हे समजून घ्यायचे तर आजची व्यवस्था घडवणाऱ्या लुईस मुन्योस मरीन यांचे आयुष्य पाहावे लागते.

मुन्योस मरीन कोण होते?

त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९८ रोजी राजधानी सान हुआन येथे झाला. वडील लुईस मुन्योस रिवेरा हे पत्रकार आणि बेटावरील आघाडीचे राजकीय नेते. स्पेनच्या राजवटीकडून प्युर्टो रिकोला स्वायत्तता मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मात्र ही स्वायत्तता जेमतेम काही महिने टिकली. मुलगा पाच महिन्यांचा असताना, २५ जुलै १८९८ रोजी अमेरिकी सैन्य बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरले आणि त्याच वर्षीच्या तहाने बेट अमेरिकेकडे गेले.

पुढे वडील वॉशिंग्टनमध्ये बेटाचे प्रतिनिधी झाले. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यांना बोलता येत असे, मतदान करता येत नसे. त्यामुळे मुलाचे बरेचसे बालपण आणि तारुण्य अमेरिकेत गेले. वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, मार्च १९१७ मध्ये, काँग्रेसने जोन्स कायदा करून प्युर्टो रिकोच्या लोकांना नागरिकत्व दिले. याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. बेटाच्या सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांवरील व्याज केंद्र, राज्य आणि स्थानिक अशा तिन्ही करांतून मुक्त करण्यात आले. तेव्हा तिची फारशी चर्चा झाली नाही. शंभर वर्षांनी उभ्या राहिलेल्या कर्जाच्या डोंगरामागे मात्र हीच तरतूद होती.

स्वातंत्र्यवादी तरुण स्वातंत्र्यापासून दूर का गेला?

कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून मुन्योस मरीन न्यूयॉर्कमध्ये कविता आणि पत्रकारितेत रमले. अमेरिकी कवयित्री मुना ली यांच्याशी त्यांनी विवाह केला. राजकीय विचारांनी ते समाजवादी आणि प्युर्टो रिकोच्या स्वातंत्र्याचे समर्थक होते. १९३१ मध्ये ते बेटावर परतले, तेव्हा जागतिक मंदी आणि चक्रीवादळांनी लोकांचे हाल केले होते. उत्तम जमीन उसाखाली होती आणि तिचा मोठा हिस्सा मोजक्या अमेरिकी साखर कंपन्यांच्या हाती होता. ऊसतोड मजुराला वर्षातले काही महिनेच काम मिळे.

१९३२ मध्ये ते लिबरल पक्षाकडून सिनेटवर निवडून गेले. १९३६ मध्ये बेटावरील अमेरिकी पोलीसप्रमुखाची राष्ट्रवादी तरुणांनी हत्या केली. त्यानंतर अमेरिकी सिनेटर मिलर्ड टायडिंग्ज यांनी प्युर्टो रिकोला स्वातंत्र्य देऊ करणारे विधेयक आणले. त्यात बेटावरून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर टप्प्याटप्प्याने पूर्ण आयातशुल्क लावण्याची तरतूद होती. बेटाची साखर अमेरिकेच्या करमुक्त बाजारपेठेवरच जगत होती. ती बाजारपेठ बंद झाली तर स्वातंत्र्यासोबत उपासमारही येईल, हे मुन्योस मरीन यांनी ओळखले. बेटावरील अनेक नेते या विधेयकाचे स्वागत करत असताना त्यांनी विरोध केला. आधी पोटाचा प्रश्न आणि मग दर्जाचा, हा त्यांच्या पुढील राजकारणाचा क्रम येथेच ठरला. याच वादातून त्यांना पक्षाबाहेर पडावे लागले आणि १९३८ मध्ये त्यांनी पॉप्युलर डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला.

१९४० ची निवडणूक निर्णायक का ठरली?

नव्या पक्षाचे घोषवाक्य भाकरी, जमीन आणि स्वातंत्र्य असे होते, तर निशाणी होती गवती टोपी घातलेला डोंगराळ भागातील शेतकरी. मुन्योस मरीन गावोगाव फिरले. निवडणुकीत दोन डॉलर घेऊन मत विकण्याची तेव्हा रूढ असलेली पद्धत मोडा, असे ते शेतमजुरांना सांगत. बेटाचा दर्जा हा या निवडणुकीचा विषयच नाही, हेही ते बजावून सांगत. स्वातंत्र्य हवे असणारे आणि अमेरिकेत विलीन व्हायचे असणारे, दोघेही त्यामुळे त्यांना मत देऊ शकले.

पक्षाला सिनेटमध्ये निसटते बहुमत मिळाले आणि ते सिनेटचे अध्यक्ष झाले. ५०० एकरांहून अधिक जमीन कंपन्यांना बाळगता येणार नाही, हा १९०० पासून कागदावरच असलेला नियम १९४१ च्या जमीन कायद्याने अमलात येऊ लागला. भूमिहीन मजुरांना घरापुरते भूखंड मिळाले. युद्धकाळात अमेरिकेत व्हिस्कीचा तुटवडा होता, त्यामुळे प्युर्टो रिकोच्या रमचा खप वाढला. या रमवरील केंद्रीय उत्पादनशुल्क बेटाच्या तिजोरीत परत येत असे. सुरुवातीच्या औद्योगिक योजनांना त्याच पैशाचा आधार मिळाला.

करसवलतींचे प्रारूप कसे उभे राहिले?

सुरुवातीला सरकारने स्वतः सिमेंट, काच, कागद यांचे कारखाने काढले. पण एवढ्याने रोजगाराचा प्रश्न सुटणार नव्हता. १९४७ पासून धोरण बदलले आणि अमेरिकी कंपन्यांना बेटावर बोलावून काही वर्षांची करमाफी देण्यात आली. १९२१ च्या अमेरिकी करकायद्यातही एक तरतूद होती. ती मुळात फिलिपिन्समधील अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी होती, मात्र तिच्यामुळे अशा कंपन्यांचे बेटावरील उत्पन्न केंद्रीय करातूनही सुटत असे. बेटावर कर नाही आणि अमेरिकेतही नाही, असा हा दुहेरी लाभ होता. ‘ऑपरेशन बूटस्ट्रॅप’ या नावाने ही मोहीम जगभर गाजली. सरकारी कारखाने १९५० मध्ये फेरे कुटुंबाला विकण्यात आले. याच कुटुंबातील लुईस फेरे पुढे राज्याच्या दर्जाची मागणी करणाऱ्यांचे नेते झाले.

याचे फळ दिसले. १९४० मध्ये सरासरी आयुर्मान ४६ वर्षांच्या आसपास होते, दोन दशकांत ते सत्तरीजवळ पोहोचले. शाळा, वीज आणि पिण्याचे पाणी खेड्यांत गेले. १९४९ मध्ये सरकारी शाळांचे माध्यम पुन्हा स्पॅनिश झाले. मात्र शेतीतून बाहेर पडलेल्या सगळ्यांना कारखान्यांत काम मिळाले नाही. १९५० च्या दशकात चार लाखांहून अधिक लोक न्यूयॉर्क आणि इतर अमेरिकी शहरांकडे गेले. हे स्थलांतर झाले नसते तर बेरोजगारीचे आकडे वेगळेच दिसले असते.

१९५२ च्या राज्यघटनेने काय दिले?

१९४८ मध्ये बेटावर प्रथमच गव्हर्नरपदाची निवडणूक झाली आणि मुन्योस मरीन निवडून आले. त्यानंतर सलग चार वेळा, १९६५ च्या प्रारंभापर्यंत, ते त्या पदावर राहिले. १९५० मध्ये काँग्रेसने बेटाला स्वतःची राज्यघटना लिहिण्याची परवानगी दिली. ही फसवणूक असल्याचे सांगत पेद्रो अल्बिसू काम्पोस यांच्या राष्ट्रवादी पक्षाने त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला उठाव केला. गव्हर्नरांच्या निवासस्थानावर गोळीबार झाला. उठाव लष्करी बळाने मोडला गेला. स्वातंत्र्याचा प्रचार गुन्हा ठरवणारा १९४८ चा ‘मुस्कटदाबी कायदा’ मुन्योस मरीन यांच्याच पक्षाच्या बहुमताने मंजूर झाला होता. त्याखाली अनेकांना तुरुंगात जावे लागले. कधी काळी स्वतः स्वातंत्र्यवादी असलेल्या या नेत्याच्या कारकिर्दीवरील हा डाग टीकाकार आजही विसरलेले नाहीत.

सार्वमतानंतर २५ जुलै १९५२ रोजी नवी राज्यघटना लागू झाली. अमेरिकी सैन्य बेटावर उतरले त्याच तारखेला, हा योगायोग नव्हता. बेटाला ‘मुक्त सहयोगी राज्य’ असे नाव मिळाले. काम, अन्न आणि आरोग्याच्या हक्कांचे कलम मात्र काँग्रेसने वगळायला लावले. हा दोन पक्षांमधील करार आहे, असे मुन्योस मरीन सांगत राहिले. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही प्युर्टो रिकोला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीतून काढले. पण बेटावर अंतिम अधिकार कोणाचा, याचे स्पष्ट उत्तर काँग्रेसने दिले नव्हते.

कर्जाची मर्यादा केव्हा सैल झाली?

ही त्रुटी मुन्योस मरीन यांनाही दिसत होती. १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई ही राज्ये झाली, तेव्हा प्युर्टो रिकोला अधिक स्वायत्तता देणारे विधेयक काँग्रेससमोर होते. ते पुढे सरकले नाही. काँग्रेसने दोन वर्षांनी एक गोष्ट मात्र दिली. बेटाच्या कर्जावर केंद्रीय कायद्याने घातलेली मर्यादा उठवली. मालमत्तेच्या मूल्यावर आधारलेल्या या मर्यादेऐवजी डिसेंबर १९६१ च्या सार्वमताने बेटाच्या राज्यघटनेत नवा नियम आला. कर्जाची वार्षिक परतफेड आधीच्या दोन वर्षांच्या सरासरी महसुलाच्या १५ टक्क्यांहून अधिक नसावी, असा हा नियम होता. म्हणजे राजकीय अधिकार वाढले नाहीत, कर्ज काढण्याचे स्वातंत्र्य वाढले.

हा नियम सरकारच्या थेट हमीच्या कर्जाला लागू होता. वीज, पाणी, महामार्ग यांची महामंडळे त्यांच्या नावावर वेगळे रोखे काढू शकत होती. शिवाय तिहेरी करमुक्तीमुळे या रोख्यांना अमेरिकेत गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती.

त्यांच्यानंतर काय बिघडले?

१९६४ ची गव्हर्नरपदाची निवडणूक मुन्योस मरीन यांनी स्वतःहून लढवली नाही. १९६७ च्या सार्वमतात त्यांच्या व्यवस्थेला ६० टक्के मते मिळाली, पण राज्याच्या दर्जाला ३९ टक्के मिळाली. पुढच्याच वर्षी पक्षातील फुटीचा फायदा घेत लुईस फेरे गव्हर्नर झाले. ३० एप्रिल १९८० रोजी मुन्योस मरीन यांचे निधन झाले. वडिलांच्या गावी, बारांकितास येथे, त्यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. सान हुआनच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे.

१९७६ मध्ये काँग्रेसने जुनी करसवलत ‘कलम ९३६’ या नव्या रूपात आणली आणि औषधनिर्मिती कंपन्यांनी बेटावर मोठे कारखाने उभारले. अमेरिकेचा महसूल बुडतो म्हणून १९९६ मध्ये हे कलम रद्द झाले. दहा वर्षांच्या मुदतीनंतर २००६ मध्ये सवलत संपली आणि त्याच वर्षी बेट मंदीत गेले. उत्पन्न घटले, तरुण अमेरिकेत गेले आणि तूट भरायला कर्ज वाढत राहिले. विक्रीकर येऊन पुढे ११.५ टक्क्यांवर पोहोचला.

२०१५ मध्ये गव्हर्नरांनी कर्ज फेडणे अशक्य असल्याचे जाहीर केले. पण १९८४ च्या दुरुस्तीमुळे बेटाच्या महामंडळांना अमेरिकी दिवाळखोरी कायद्याचा आसरा नव्हता आणि स्वतःचा कायदा करण्याचा अधिकारही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये सांगितले. प्युर्टो रिकोच्या सत्तेचा मूळ स्रोत अमेरिकी काँग्रेसच आहे, असाही निकाल न्यायालयाने त्याच महिन्यात दुसऱ्या खटल्यात दिला. काँग्रेसने ‘प्रोमेसा’ कायदा करून सात सदस्यांचे देखरेख मंडळ नेमले. बेटाच्या अर्थसंकल्पावर अंतिम शब्द या मंडळाचा आणि त्याचा खर्च मात्र बेटाच्या तिजोरीतून. १९५२ मध्ये करार म्हणून मांडल्या गेलेल्या व्यवस्थेचा खरा अर्थ असा ६४ वर्षांनी स्पष्ट झाला.

राज्याचा दर्जा मिळाल्यास काय बदलेल?

२०२२ च्या आराखड्यानुसार सुमारे ३३ अब्ज डॉलरचे दावे रोख रक्कम आणि ७.४ अब्ज डॉलरच्या नव्या रोख्यांवर आणण्यात आले. वीज महामंडळाच्या कर्जाचा वाद मात्र त्यानंतरही लांबला. याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गरीब वृद्ध व अपंगांसाठीच्या केंद्रीय मदतीतून बेटाला वगळणे वैध ठरवले. बेटावरील रहिवासी बहुतेक केंद्रीय कर भरत नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. एकेकाळी कारखाने आणणारी करमुक्तीच येथे मदत नाकारण्याचा आधार ठरली.

राज्य झाल्यास दोन सिनेटर, लोकसंख्येनुसार प्रतिनिधी आणि अध्यक्षपदासाठी मत मिळेल, तसेच केंद्रीय मदतही समान होईल. मात्र केंद्रीय प्राप्तिकर लागू होईल आणि उद्योगांसाठीची वेगळी करव्यवस्था संपेल. २०२० च्या कौलात ५२.५ टक्के मते राज्याच्या बाजूने पडली, २०२४ मध्येही हाच पर्याय पहिला आला. पण हे कौल काँग्रेसवर बंधनकारक नाहीत. दर्जाचा प्रश्न पुढे ढकलून मुन्योस मरीन यांनी एका पिढीचे दारिद्र्य कमी केले, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. पुढे ढकललेला तो प्रश्न सोडवण्याचा अधिकार मात्र आजही सान हुआनकडे नाही, तो वॉशिंग्टनकडेच आहे.