सी. व्ही. रमण यांनी प्रवेश नाकारला, पण कमला भागवत दारातून हलल्या नाहीत

१९३३ ची गोष्ट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुंबईहून एक अर्ज आला. रसायनशास्त्राची पदवी, उत्तम गुण. अर्जदाराचे वडील आणि काका, दोघंही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरी अर्ज फेटाळला गेला, कारण तो एका मुलीचा होता. आणि तो फेटाळणारे होते संचालक सी. व्ही. रमण, ज्यांना तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालं होतं.

ती मुलगी म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १८ जून १९११ ला इंदूरमध्ये जन्म. थोरली बहीण दुर्गा भागवत, म्हणजे ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई. हट्ट घरातच होता म्हणायला हरकत नाही.

कमलाबाई थेट बंगळुरूला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करायचं ठरवलं. रमण शेवटी तयार झाले, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील. काम समाधानकारक वाटलं तरच त्याला मान्यता मिळेल. आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! ही तिसरी अट आज वाचतानाही राग येतो. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

तिथे श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक भेटले आणि कामाला दिशा मिळाली. विषय होता दूध आणि डाळींमधली प्रथिनं.

इथे थोडं थांबून विज्ञान समजून घेऊ. सजीवाचं शरीर मुख्यतः चार प्रकारच्या मोठ्या रेणूंवर चालतं: कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं आणि डीएनए-आरएनए ही न्यूक्लिक आम्लं. यातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा. स्नायू त्यांचेच आणि अन्न पचवणारी बहुतेक विकरं, म्हणजे एन्झाइम्सही, त्यांचीच. ज्या देशात गरिबाच्या ताटात मांस-अंडी क्वचित येतात, तिथे डाळीत नेमकं काय आहे हा प्रश्न पोटाचाच असतो.

वर्षभरात रमण यांचं मत बदललं. कमलाबाईंना रीतसर प्रवेश मिळाला आणि इतर मुलींसाठीही दार उघडू लागलं. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या आणि पुढे केंब्रिजला गेल्या. तिथे व्हिटॅमिनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स होते.

केंब्रिजमध्ये त्यांनी बटाटा हातात घेतला. पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार होताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात. या साखळीतला एक हमाल म्हणजे ‘सायटोक्रोम सी’: शंभराच्या आसपास अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन, पोटात लोहाचा एक अणू. वनस्पतींच्या पेशींतही तो हे काम करतो, हे कमलाबाईंनी दाखवलं. म्हणजे श्वसनाच्या बाबतीत बटाटा आणि माणूस तसे नातेवाईकच. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. त्यावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख होतो. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती, तेव्हा ‘पहिली’ हा शब्द जपूनच वापरावा. दुसरी गंमत अशी की, केंब्रिजनेही १९४८ पर्यंत महिलांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीचे हक्क दिले नव्हते. मागासलेपण काही फक्त बंगळुरूत नव्हतं.

कमलाबाई परदेशात राहू शकल्या असत्या, पण परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न करून त्या मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे तिथल्या संचालकही झाल्या.

मुंबईतलं त्यांचं काम आपल्या स्वयंपाकघराच्या सगळ्यात जवळचं. मानवतच्या मोंढ्यात येणारी तूर किंवा हरभरा पोत्यातून थेट तोंडात टाकून पचत नाही. बऱ्याच कच्च्या कडधान्यांत असे रेणू असतात, जे आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या विकराला अडवतात. मग प्रथिनं खाऊनही ती अंगी लागत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या भारतीय कडधान्यांतले हे अडथळे वेगळे काढून तपासले. डाळ नीट शिजवली की यातले बरेचसे निकामी होतात. आजी वरण मऊ होईपर्यंत शिजवायची, त्यामागचं रसायनशास्त्र हे.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडाच्या या ताज्या रसात जीवनसत्त्वं आणि लोह आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती दिल्यावर तब्येत सुधारलेली दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

निवृत्तीनंतरही त्यांनी अन्नाचा पिच्छा सोडला नाही. ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. तिथे अध्यक्षपद सांभाळलं आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लेखही लिहिले.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.