जमाखर्च जुळवणारा रसायनज्ञ

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयात झाक-लुई दाविद याने १७८८ साली रंगवलेले एक भव्य दांपत्यचित्र आहे. टेबलावर काचेची उपकरणे, हाती लेखणी घेतलेला आंत्वान लाव्हाझिए आणि त्याच्या खांद्यावर रेललेली पत्नी मारी-आन. संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी रंगांच्या थरांखाली शोध घेतला, तेव्हा २०२१ मध्ये एक गंमत जाहीर झाली. दाविदच्या मूळ आराखड्यात ही उपकरणे नव्हतीच. तेथे होते केवळ एक धनाढ्य, नटलेले जोडपे.

झाकलेले ते चित्रही खोटे नव्हते. १७४३ मध्ये पॅरिसच्या वकिली घराण्यात जन्मलेला लाव्हाझिए १७६८ साली विज्ञान अकादमीचा सदस्य झाला, आणि त्याच वर्षी राजाच्या वतीने कर वसूल करणाऱ्या मक्तेदार मंडळात त्याने भागीदारी घेतली. मीठ, तंबाखू आणि शहरात येणाऱ्या मालावरील जकात हे या मंडळाचे उत्पन्न. त्या पैशातून त्याने पॅरिसच्या उत्तम कारागिरांकडून अतिसूक्ष्म तराजू घडवून घेतले. हिशेबनीसाची सवयही त्याने प्रयोगशाळेत नेली : जे आत गेले आणि जे बाहेर आले, त्यांची बेरीज सारखीच भरली पाहिजे.

पाणी आटवले की भांड्याच्या तळाशी माती उरते, म्हणून पाण्याचीच माती होते असा जुना समज होता. लाव्हाझिएने बंद काचपात्रात पाणी तब्बल १०१ दिवस तापवले. तळाशी कण दिसले. पण काचपात्राचे वजन जवळपास तितकेच घटले होते. माती पाण्याची नव्हती, काचेची होती.

खरी लढाई ज्वलनाची होती. पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व निघून जाते, असे त्या काळचे रसायनशास्त्र मानत असे. मग जळालेल्या गंधकाचे वा फॉस्फरसचे वजन वाढते कसे? १७७४ मध्ये त्याने कथील काचपात्रात बंद करून तापवले. धातूवर राख धरली, तरी एकूण वजन तसूभरही बदलले नाही. पात्राचे तोंड उघडताच बाहेरची हवा आत शिरली आणि मगच वजन वाढले. धातूने काही गमावले नव्हते; हवेतले काही घेतले होते. पुढे त्या वायूचे नाव ऑक्सिजन असे त्यानेच ठेवले. रशियात लोमोनोसोव्हने बंद पात्रातला असा प्रयोग १७५६ मध्येच केला होता. लाव्हाझिएचे मोठेपण असे की त्याने हा हिशेब साऱ्या रसायनशास्त्राची शिस्त बनवला.

१७८९ च्या त्याच्या ग्रंथात द्रव्य अक्षय्यतेचा नियम येतो तो साखरेपासून मद्य होण्याच्या प्रकरणात, जवळजवळ ओघात. पाणी, साखर आणि किण्व मिळून ५१० पौंड. आंबल्यानंतरच्या साऱ्या पदार्थांची बेरीजही ५१० पौंड. आकडे इतके चोख जुळतात की कोणत्याही लेखापरीक्षकाच्या भुवया उंचावाव्यात. नियमावर त्याचा आकड्यांहून अधिक विश्वास होता, असे मला वाटते. याच ग्रंथातील उपकरणांची १३ चित्रे मारी-आनने काढली. इंग्रजी तिला येई, त्याला येत नसे. फ्लॉजिस्टनवाद्यांचे लेखन ती त्याच्यासाठी फ्रेंचमध्ये आणी.

तोपर्यंत पॅरिसभोवती जकातीची भिंत उभी राहिली होती. चोरटा माल रोखण्यासाठी तिची कल्पना लाव्हाझिएनेच मांडली होती आणि शहराने त्यासाठी त्याला कधी क्षमा केली नाही. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी फारशी शंका घेता येत नाही. पण गरिबाच्या मिठावरील कर ज्या खात्यात जमा होई, त्याच खात्यातून तराजू आले, हेही खरे.

क्रांतीनंतर मक्तेदारी रद्द झाली आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये मक्तेदारांना अटक झाली. तंबाखूत प्रमाणाबाहेर पाणी मिसळून वजन वाढवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आयुष्यभर वजनाचा हिशेब ठेवणाऱ्यावर हा आरोप! ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ जणांना गिलोटिनवर चढवण्यात आले. लाव्हाझिएच्या आधी त्याच्या सासऱ्याची पाळी आली. एकाच दिवशी मारी-आनने वडील आणि पती गमावले.

घर, ग्रंथ, उपकरणे सारे जप्त झाले होते. तिने ते पाठपुरावा करून परत मिळवले आणि पतीचे अपुरे राहिलेले शोधनिबंध स्वतः छापून वाटले. पुढे तिने काउंट रम्फर्डशी विवाह केला, पण लाव्हाझिए हे नाव सोडले नाही. तिने सांभाळलेले ते तराजू आज पॅरिसच्या कला व शिल्प संग्रहालयात आहेत.