विश्लेषण : कान्होजी आंग्रे यांच्या गुराबेचा आकार शत्रूच्या दप्तरात का शोधावा लागतो?

मोहोपाड्याजवळून वाहणारी पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. खाडीच्या मुखावर रेवस आणि तिथून जवळच अलिबागचा कुलाबा किल्ला. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे हे मुख्य ठाणे. त्यांचे नाव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करायला घेतली, तर नाळ किती पुढे काढायची, डोलकाठ्या किती, तोफा कुठे, असे प्रश्न पडतात. उत्तरांसाठी त्यांच्या शत्रूंची कागदपत्रे उघडावी लागतात.

कान्होजी आंग्रे कोण होते?

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. वडील तुकोजी यांनीही मराठ्यांची चाकरी केली होती. मोगलांशी युद्ध सुरू असताना सुवर्णदुर्गाच्या बचावातून कान्होजी पुढे आले. १६९८ च्या सुमारास त्यांना सरखेल हा किताब मिळाला. पुढील तीन दशके कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या जलदुर्गांच्या आधाराने त्यांनी कोकण किनारा राखला.

राजमाचीशी त्यांचा संबंध काय?

ताराराणी आणि शाहू यांच्या संघर्षात कान्होजी सुरुवातीला शाहूंच्या विरोधात होते. शाहूंनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. लोहगड आणि राजमाची घेतले. कर्जतच्या माथ्यावरची राजमाची हाती आल्याने घाटवाटाही त्यांच्या टप्प्यात आल्या. अखेर बाळाजी विश्वनाथ यांनी लोणावळ्याजवळ त्यांच्याशी बोलणी केली. १७१४ च्या सुरुवातीला तह झाला. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेलपद कायम राहिले आणि बाकीचा जिंकलेला मुलूख परत देताना राजमाची मात्र त्यांच्याकडे राहिली.

इंग्रजांशी वाद कशावरून?

मुद्दा दस्तकाचा, म्हणजे समुद्रात फिरण्याच्या परवान्याचा होता. पोर्तुगीज आपले परवाने इतरांवर लादत. कान्होजींनीही आपल्या किनाऱ्यावर तोच हक्क बजावला. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे ‘ॲन’ हे जहाज कारवारजवळ पकडले गेले. त्यातील एका इंग्रज महिलेच्या सुटकेसाठी ३० हजार रुपये मोजावे लागले. त्यानंतर विजयदुर्ग, खांदेरी आणि पुन्हा विजयदुर्ग असे हल्ले झाले. १७२० च्या स्वारीत इंग्रजांनी जाड भिंतींची तरती तोफगाडीच आणली. तीही निरुपयोगी ठरली. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाची चार जहाजेही सोबत होती. बाजीरावांची मदत पोहोचली आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह केला. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले, तेव्हा त्यांचा एकही मुख्य जलदुर्ग इंग्रजांच्या हाती गेलेला नव्हता.

गुराब आणि गलबत कसे होते?

याचे सर्वात उपयोगी वर्णन कंपनीच्या सेवेत असलेल्या रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने १७६३ मध्ये छापले. बहुतेक गुराबा दोन डोलकाठ्यांच्या व सुमारे १५० टनांच्या; तीन डोलकाठ्यांच्या सुमारे ३०० टनांच्या. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात कमी बुडणाऱ्या. पुढची नाळ भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब पुढे आलेली. नाळेमागे, पुढे रोखलेल्या नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. बाजूंना त्याहून लहान. गलबते सहसा ७० टनांहून लहान, मोठ्या त्रिकोणी शिडाची आणि ४०-५० वल्ह्यांची.

या रचनेतच लढाईची पद्धत दडलेली आहे. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत नेत. गुराबा शत्रूच्या मागच्या बाजूने तोफा डागत, डोलकाठ्या पाडत आणि मग गलबतांतले लोक जहाजावर चढत. उथळ बांधणीमुळे ही जहाजे खाड्यांत शिरत. खोल तळाची इंग्रजी जहाजे तिथे येऊ शकत नसत. म्हणून युरोपीय युद्धनौकेच्या नमुन्यावर भगवा लावला की गुराब झाली, असे होत नाही. पुढे निघालेली नाळ आणि उथळ तळ चुकला, तर कान्होजी कसे जिंकत होते हेच प्रतिकृतीतून कळत नाही.

शोध कुठे घ्यायचा?

कोकणातले कारागीर कागदावर नकाशा न काढता, नजरेच्या मापाने आणि अनुभवाने सागवानी जहाजे बांधत. खुद्द जहाजेही उरली नाहीत. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले असताना कान्होजींचे पुत्र तुळाजी यांचे आरमार विजयदुर्गात जळाले. त्यामुळे आधार उरतो तो दप्तरांचा : १८२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पुराभिलेखागारातील कंपनीची कागदपत्रे, पुण्यातील पेशवे दप्तर, पणजीतील पोर्तुगीज दप्तर आणि लंडनमधील कंपनीचे दप्तर. कान्होजींविरुद्धच्या मोहिमांत असलेल्या क्लेमंट डाउनिंगचे १७३७ चे पुस्तकही आहे. विजयदुर्गाच्या लढाईची डॉमिनिक सेरेस याने रंगवलेली चित्रे आहेत. पण ती लढाईनंतरची आणि विजेत्यांच्या नजरेतली.

म्हणून एका कागदावर विसंबून चालत नाही. इंग्रजी वर्णन, पोर्तुगीज नोंद आणि मराठी दप्तर जिथे जुळते, तिथेच फळी बसवायची. ज्यांनी कान्होजींना चाचा म्हटले, त्यांनीच त्यांच्या जहाजांची मोजमापे धास्तीने टिपून ठेवली. आज गुराब पुन्हा उभी करायला तीच कामी येतात.